कल्ल्यात लपवलेली गोळी

मोठ्या मत्स्यालयात पाहुण्यांना सहसा न दिसणारी एक खोली असते, ती म्हणजे माशांचं स्वयंपाकघर. तिथे स्टीलची टेबलं असतात, सुऱ्या असतात, वजनकाटा असतो आणि थंडगार फ्रीझर असतात. सकाळी तिथली ताई एक टपोरा बांगडा हातात घेते. अंगठ्याने त्याच्या गालावरचं कडक झाकण उचलते. आतला लालभडक कल्ला दिसला की त्यात एक व्हिटॅमिनची गोळी सरकवते आणि झाकण दाबून बंद करते. पुढचा बांगडा, पुढची गोळी.

हे बांगडे शार्कसाठी आहेत. हो, शार्कलासुद्धा व्हिटॅमिनच्या गोळ्या लागतात!

समुद्रातल्या शार्कला कोण गोळ्या देतं, असं तुम्ही विचाराल. कुणीच देत नाही, कारण त्याला त्यांची गरजच नसते. तो आख्खा मासा खातो. डोकं, शेपटी, काटे, काळीज, आतडी, शिवाय त्या माशाने सकाळी जे खाल्लं असेल तेही. काट्यांतून कॅल्शियम मिळतं, काळजातून अ आणि ड जीवनसत्त्वं मिळतात. आई घरी मासे साफ करते तेव्हा काय काय बाजूला काढते, ते एकदा नीट बघा. डोक्याकडचा भाग, पोटातला सगळा ऐवज, कल्ले. आपण टाकून देतो त्यातलं बरंचसं शार्कच्या जेवणातलं सर्वांत पौष्टिक असतं. म्हणून मोठ्या शिकारी माशांना नुसते मऊ, पांढरे तुकडे घालून भागत नाही. रोज तसंच जेवण दिलं तर मासा पोटभर जेवूनही उपाशी राहतो.

मग आख्खे मासे दिले की काम झालं? तेवढ्याने भागलं असतं तर गोळी कशाला लागली असती?

अडचण फ्रीझरपासून सुरू होते. मासे गोठवावे लागतात, कारण रोज हवी तेवढी ताजी मासळी मिळेलच असं नसतं. शिवाय कडक थंडीत काही दिवस ठेवलं की माशातले जंत मरतात. पण बांगडा, तारली यांच्यासारख्या तेलकट माशांतलं तेल फ्रीझरमध्येही हळूहळू खवट होत राहतं आणि त्यात ई जीवनसत्त्व संपत जातं. बर्फ वितळताना जे पाणी गळतं, त्याच्याबरोबर पाण्यात विरघळणारी ब जीवनसत्त्वंही वाहून जातात. म्हणून जाणकार मंडळी गोठलेला मासा गरम पाण्यात टाकून घाई करत नाहीत. तो रात्रभर फ्रिजमध्ये हळूहळू सुटू देतात.

याहूनही मोठा चोर काही माशांच्या अंगातच दडलेला असतो. तो सापडला कसा, ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती माशांपासून नव्हे तर कोल्ह्यांपासून सुरू होते.

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या माणसाचा कोल्ह्यांचा फार्म होता. तेव्हा फरसाठी कोल्हे पाळत. त्याच्याकडचे कोल्हे अचानक जेवेनासे झाले, लडखडायला लागले, त्यांचे पाय लुळे पडले आणि ते मरू लागले. साथ आली म्हणावं तर तसा कुठला रोगजंतू सापडेना. त्यांच्या जेवणात काय होतं? कच्चा कार्प मासा. आपल्याकडच्या रोहू-कटल्याच्या कुळातला. गंमत म्हणजे तोच मासा शिजवून घातला की कोल्ह्यांना काहीच होत नसे! उष्णतेने नष्ट होणारं काहीतरी त्या कच्च्या माशात होतं. पुढे शोधाशोध झाली तेव्हा कळलं की ते एक विकर आहे. ते ब-१ जीवनसत्त्वाचे, म्हणजे थायमिनचे, तुकडे करून टाकतं. त्याचं नाव थायमिनेज. आणि ब-१ संपलं की मेंदू आणि नसा यांचं काम बिघडतं. कोल्ह्यांच्या त्या आजाराला आजही चॅस्टेकचं नाव आहे.

हे विकर गोठवून मरत नाही. उलट बर्फ सुटताना त्याला काम करायला मोकळा वेळच मिळतो. काही जातींच्या माशांत ते भरपूर असतं, काहींत नसतं. म्हणून मत्स्यालयात एकाच जातीचा मासा रोज देत नाहीत. बांगडा, तारली, माकूल, कोळंबी अशी फिरती यादी ठेवतात. तरीही जे कमी पडेल ते कल्ल्यातली गोळी भरून काढते. ती कल्ल्यातच का लपवायची? कारण तिथे ती घट्ट बसते, पाण्यात विरघळून जायच्या आत पोटात पोचते.

आता तुमच्यापैकी कुणाच्या घरी ऑस्कर मासा असेल तर पुढचं नीट वाचा. ऑस्कर दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. दुकानात बोटाएवढा दिसतो आणि बघता बघता फूटभर होतो. त्याला खायला जिवंत गोल्डफिश सोडायची अनेकांना हौस असते. मला हे मुळीच पटत नाही. गोल्डफिश कुठल्या कुळातला? कार्पच्याच! म्हणजे कोल्ह्यांचं जे झालं तेच ऑस्करच्या वाट्याला येऊ शकतं. शिवाय दुकानातल्या गर्दीच्या टाकीतल्या त्या बिचाऱ्या माशांचे रोग आणि जंतू तुमच्या टाकीत येतात ते वेगळंच. घाबरून पळणाऱ्या माशाला कोपऱ्यात गाठणं, याला शिकार म्हणत नाहीत. नदीतला ऑस्कर तरी कुठे फक्त मासे खातो? तो किडे खातो, गोगलगायी खातो, कोळंबी, खेकडे, पाण्यात पडलेली फळंसुद्धा खातो.

त्याच्यासाठी चांगल्या प्रतीच्या, मांसाहारी माशांसाठी बनवलेल्या गोळ्या हे रोजचं जेवण, आणि मध्येमध्ये सोललेली कोळंबी किंवा गांडूळ. चिकन-मटणाचे तुकडे नकोत, त्यांची चरबी माशांना मानवत नाही, यकृतात साठते. खाद्याचा मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. बहुतेक माशांना आपल्यासारखंच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते जेवणातूनच मिळवावं लागतं. उघडा डबा महिनोन्‌महिने पडून राहिला की त्यातलं क नाहीसं होतं, आणि ते न मिळालेल्या वाढत्या माशांचा कणा वाकडा होतो. शार्कची मात्र चैन आहे, तो आपलं क मूत्रपिंडात स्वतः बनवतो.

शार्कला दुसरीच भानगड असते, आयोडीनची. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं. पण बंद टाकीत जुन्या पाण्यात नायट्रेट साचतं आणि ते शार्कला आयोडीन नीट घेऊ देत नाही. मग त्याच्या गळ्याखाली गाठ येते. माणसांना होतो तोच गलगंड! त्याच्यासाठी आयोडीनही जेवणातूनच द्यावं लागतं.

आणि किती खायला द्यायचं? लोकांना वाटतं, शार्क म्हणजे सतत वखवखलेला. खरं तर मत्स्यालयातल्या पुष्कळ शार्कना रोज जेवण देतच नाहीत, आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. त्यांच्या आतड्यात चक्री जिन्यासारखी गोल गोल फिरत जाणारी पडदी असते. अन्न त्यावरून हळूहळू उतरतं आणि त्यातलं सगळं सत्त्व शोषून घेतलं जातं. उरलेलं अन्न आणि जास्तीची विष्ठा मात्र पाण्यात अमोनिया वाढवते, आणि तो सगळ्या टाकीलाच विषारी. म्हणून प्रत्येक शार्कची वेगळी नोंद असते. आज कुणी किती ग्रॅम खाल्लं, कुणी तोंड फिरवलं. काही ठिकाणी शार्कना खुणा शिकवतात. एकासाठी एका रंगाची पाटी, दुसऱ्यासाठी दुसऱ्या रंगाची. आपली पाटी पाण्यात आली की तो तिथेच येतो आणि चिमट्यातला किंवा लांब काठीच्या टोकाचा मासा घेतो. यामुळे चपळ शार्क हळू शार्कचा घास पळवत नाही.

पण शार्क जेवायलाच तयार नसला तर?

ग्रेट व्हाइट शार्कने मत्स्यालयवाल्यांना कित्येक वर्षं हेच करून दाखवलं. पकडून आणला की तो खात नसे. काही दिवसांत मरे, नाहीतर त्याला परत सोडावं लागे. २००४पर्यंत कुठल्याच मत्स्यालयात तो तीन आठवडेसुद्धा टिकला नव्हता. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयाने वेगळी पद्धत वापरली. मच्छीमारांच्या जाळ्यात चुकून सापडलेलं एक मादी पिल्लू, जेमतेम पाच फुटांचं, त्यांनी थेट टाकीत आणलंच नाही. आधी समुद्रातच जाळीचं एक प्रचंड कुंपण घालून तिला त्यात मोकळं ठेवलं. ती खाते आहे याची खात्री पटल्यावरच तिला मोठ्या टाकीत हलवलं. तिथे तिने काठीच्या टोकावरचा मासा घेतला! मत्स्यालयात नियमित जेवणारी ती पहिली ग्रेट व्हाइट.

सॅमन, मॅकरेल असं तिचं जेवण होतं. हा शार्क आपल्या स्नायूंची ऊब अंगातच राखून ठेवतो, त्याचं शरीर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं. या उबेला इंधन लागतं, म्हणून त्याची भूकही इतर शार्कपेक्षा मोठी. आली तेव्हा तिचं वजन २८ किलो होतं. ती १९८ दिवस राहिली आणि जाताना तिचं वजन ७३ किलोंच्या वर गेलं होतं, लांबी सव्वासहा फुटांच्या पुढे! एवढी वाढल्यावर तिने टाकीतल्या दोन सूपफिन शार्कना मारलं. भरपूर खाऊ घातलं तरी शिकारी शिकारीच असतो, हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. मार्च २००५च्या शेवटच्या दिवशी त्यांनी तिला समुद्रात सोडलं.

सोडताना तिच्या पाठीवर एक छोटं नोंदयंत्र लावलं होतं. महिनाभराने ते ठरल्याप्रमाणे आपोआप सुटून वर आलं आणि त्याने उपग्रहाला माहिती पाठवली. ती जिवंत होती, लांबवर पोहत गेली होती आणि खोल पाण्यात बुड्या मारत होती. त्यानंतर माँटेरेत आणखी पाच लहान ग्रेट व्हाइट ठेवले गेले, पण त्यांतला कुणीही १९८ दिवस राहिला नाही.