इस्त्रीचा चटका : आधी पाणी, मग औषध

गोधडीच्या ठिगळांच्या कडा दुमडण्यासाठी आमच्या कोल्हापुरातल्या भगिनी लहान इस्त्री मांडीशेजारीच ठेवतात. नजर सुईवर, हात इस्त्रीवर! सुती कापडासाठी ती सुमारे २०० अंशांपर्यंत तापते आणि बटण बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते.

दवाखान्यात आलेल्या भाजलेल्या बोटांवर मला हमखास टूथपेस्ट नाहीतर हळद दिसते. ती धुताना रुग्णाचा जीव कळवळतो. भाजताक्षणी बांगड्या, अंगठी काढा. हात वाहत्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरा. नळ कोरडा असेल तर तांब्याने बादलीतले ओतत राहा. बर्फ नको. नायलॉन वितळून कातडीला चिकटले तर ओढू नका, फोडही फोडू नका. लहान मूल भाजले तर थेट डॉक्टरांकडे न्या. इस्त्रीची लोंबकळती वायर ओढणारे बहुधा तेच असते.