क्लचची चाळीस वर्षं

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. लोकांनी तिचा आकार पाहिला, किंमत पाहिली, अ‍ॅव्हरेज विचारलं. गिअरच्या दांडीची जागा बदलली आहे याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नसावं. अ‍ॅम्बॅसिडर आणि पद्मिनीत ही दांडी बरीच वर्षं स्टिअरिंगलगत होती. पुढची सीट बाकासारखी सलग असायची आणि तिच्यावर तिघं दाटीवाटीने बसायचे. मारुतीत दांडी खाली, दोन सीटांच्या मध्ये आली. क्लच हलका झाला, गिअर सहज पडू लागले. ड्रायव्हर न ठेवता स्वतः गाडी चालवणारा मध्यमवर्ग याच गाडीवर घडला. त्याच्या लेखी गाडी शिकणं म्हणजे क्लच शिकणं. चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलता आली की माणूस शिकला. पुढे मॅन्युअल गाडीबद्दल जो अभिमान बोलून दाखवला गेला, त्याचं मूळ इथे आहे. पण या चाळीस वर्षांचा हिशेब मांडला तर दिसतं ते असं की मॅन्युअलने आपल्याकडे राज्य केलं ते आवडीमुळे किंवा कौशल्याच्या प्रेमामुळे नाही. ते पैशांचं गणित होतं, आणि त्या काळापुरतं ते बिनचूक होतं.

ऑटोमॅटिक गाडी आपल्याला अगदीच अनोळखी नव्हती. झेन ऑटोमॅटिक मिळत होती, नंतर सँट्रो आणि आय-टेनही मिळू लागल्या. तरी त्या रस्त्यावर विरळाच दिसत. कारण त्यांच्या यंत्रणेत होतं. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी चकती नसते, तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते आणि तिचा काही भाग तेल तापवण्यात खर्ची पडतो. त्यात मॅन्युअलला पाच गिअर आले तरी लहान ऑटोमॅटिक गाड्यांना तीन-चारच असायचे. म्हणजे हायवेवर इंजिन उगाच जास्त फिरायचं. अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांपासून हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि रुजला, कारण तिथे इंजिनं मोठी होती आणि पेट्रोल स्वस्त होतं. त्या इंजिनांना थोडी ताकद वाया गेल्याचं जाणवत नसे. आपली ७९६ सीसीची तीन सिलिंडरची गाडी ते कुठून सोसणार? शिवाय ऑटोमॅटिकची किंमत जास्त, आणि ती उघडून दुरुस्त करू शकणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळत नसे. मॅन्युअलची क्लच प्लेट मात्र कुठल्याही गॅरेजात बदलून मिळे. अशा परिस्थितीत मॅन्युअल घेणारा शहाणपणाच करत होता.

हे गणित २०१४ मध्ये मोडलं. त्या वर्षी तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. जानेवारीत मारुती ८०० चं उत्पादन थांबलं, फेब्रुवारीत सेलेरिओ आली, मे महिन्यात उत्तरपाड्याच्या कारखान्यात अ‍ॅम्बॅसिडर थांबली. यातली मधली घटना माझ्या मते सर्वांत मोठी, जरी हळहळ बाकीच्या दोन घटनांवर जास्त खर्च झाली. सेलेरिओत एएमटी होता. गिअरबॉक्स नेहमीचाच मॅन्युअल, क्लच प्लेटही तीच, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम पाय आणि हात यांच्याऐवजी यंत्र करणार. तेलात ताकद वाया जाण्याचा प्रश्नच उरला नाही. कंपनीने मॅन्युअल आणि एएमटी दोन्हींसाठी लिटरला २३.१ किलोमीटर असा एकच आकडा जाहीर केला. किमतीतला फरकही कमी झाला. एएमटीत उणिवा होत्याच. गिअर बदलताना गाडी डोकं हलवल्यासारखी झटका देई, ओव्हरटेक करताना क्षणभर दम धरे, आणि चढावर ब्रेक सोडला की मागे सरके. पण मॅन्युअलच्या बाजूने इतकी वर्षं दिला जाणारा पहिला युक्तिवाद, की ती कमी पेट्रोल पिते, तो तिथेच संपला.

याच काळात शहरांतले रस्ते बदलले आणि मॅन्युअलचा तोटा वाढला. हिंजवडी किंवा घोडबंदर रोडवर संध्याकाळी अडकलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. डावा पाय सतत क्लचवर, गाडी सतत हाफ क्लचवर. प्लेट घासते, पाय भरून येतो, आणि लक्ष रस्त्याकडे कमी, पायाकडे जास्त राहतं. या चर्चेत सहसा विसरला जाणारा एक वर्ग आहे. ज्यांचा डावा पाय पोलिओने किंवा अपघाताने अधू झाला, त्यांना मॅन्युअल गाडी मूळ रूपात चालवताच येत नाही. भारतात पोलिओची शेवटची नोंद जानेवारी २०११ ची, म्हणजे पोलिओ झालेली मोठी पिढी आज ऐन उमेदीच्या वयात आहे. स्वस्त ऑटोमॅटिक आली तेव्हा या माणसांना दुसऱ्यावर अवलंबून न राहता कामावर जाण्याची वाट मोकळी झाली. गिअर टाकण्याच्या आनंदाची बाजू मांडताना हे दुसऱ्या पारड्यात घालावंच लागतं, आणि घातलं की ते पारडं खाली जातं.

मॅन्युअलच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा घाटाचा आहे. सह्याद्री ओलांडल्याशिवाय कोकणातून देशावर येता येत नाही, त्यामुळे महाराष्ट्रात तो पुस्तकी राहत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम अचूक आहे. खालच्या गिअरमध्ये चाकांना इंजिन फिरवावं लागतं, त्या ओढीने वेग धरून राहतो आणि ब्रेक तापत नाहीत. हे नियंत्रण मॅन्युअलमध्ये थेट हातात असतं, हे मान्यच. पण आपल्या घाटांचा अनुभव काय सांगतो? उतारावर सर्वांत घातक ठरलेली सवय गाडी न्यूट्रलवर सोडण्याची आहे, आणि ती मॅन्युअल गाड्यांचीच आहे. बोरघाट असो वा कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार, डिझेल वाचवायला गिअर काढलेली जड वाहनं तिथे काळजीचा विषय झाली आहेत. इंजिनही बंद केलं तर एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टिअरिंग जड होतं. या सवयीमागचा समजही कालबाह्य आहे. कार्ब्युरेटरच्या काळात न्यूट्रलने थोडं पेट्रोल वाचत असे. इंजेक्शनच्या इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरवली की इंधन पूर्ण बंद होतं, उलट न्यूट्रलवर इंजिन चालू राहायला ते लागतंच. म्हणजे हातात नियंत्रण असणं आणि ते वापरण्याची समज असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मॅन्युअलने पहिली दिली, दुसरी दिली नाही. ऑटोमॅटिकमध्येही ‘एल’ किंवा ‘एम’ असतं आणि घाटात तेच वापरायचं असतं. ते अनेकांना ठाऊक नाही, हा दोष शिकवण्याचा आहे.

दोन आक्षेप मात्र खोडून काढता येत नाहीत. बॅटरी बसली तर मॅन्युअल गाडी चार जणांनी ढकलून, सेकंड टाकून चालू करता येते. आडवाटेला राहणाऱ्यासाठी ही सोय अजूनही मोलाची आहे. दुसरा आक्षेप चुकीच्या पेडलचा. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला तर गाडी उसळी घेते. मॅन्युअलमध्ये पार्किंग करताना क्लच दाबलेला असतो, त्यामुळे नुसतं इंजिन ओरडतं, नाहीतर गाडी बंद पडते. मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर आलेल्याचा डावा पाय सवयीने क्लच शोधतो आणि ब्रेक जोरात दाबतो, हाही धोका खरा. पहिले काही दिवस डावा पाय मागे घेऊन बसायचं, इतकं साधं आहे, पण तेही कुणीतरी सांगावं लागतं.

कार चालवण्याचा आपला परवाना ऑटोमॅटिक-मॅन्युअल असा भेद करत नाही. दुचाकीला ‘विदाऊट गिअर’ असा वेगळा वर्ग आहे, कारला नाही. जर्मनीने १ एप्रिल २०२१ पासून मधला मार्ग काढला. परीक्षा ऑटोमॅटिकवर द्या, पण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मॅन्युअलच्या किमान दहा तासिका घ्या आणि तिथेच छोटी चाचणी द्या, मग दोन्ही चालवा. आपल्याकडे हे उचलावं असं मला वाटत नाही. आपली गरज वेगळी आहे आणि ती आपल्याच कायद्यात लिहिलेली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला पंधरावा नियम परीक्षार्थीने उतारावर झटकन खालचा गिअर टाकून दाखवावा आणि चढावर थांबून गाडी मागे न सरकता पुन्हा उचलावी, असं सांगतो. सपाट मैदानावर घेतलेल्या परीक्षेत यातलं काय तपासलं जाणार? क्लच राहो वा जावो, हा नियम उताराबद्दल आहे, आणि उतार तिथेच राहणार आहेत.

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. त्याच तारखेला, २०२२ मध्ये, त्याच मार्गावर एसटीची विजेवर चालणारी पहिली ‘शिवाई’ निघाली. तिला क्लच नाही. पुढच्या वर्षी ई-शिवनेरी मुंबई–पुणे मार्गावर आली, आणि बोरघाट उतरताना तिची मोटर ब्रेकचं काम करत बॅटरीत वीज परत भरते.