‘पॉवरफुल’ रायफल म्हणजे नेमकं काय?
२६/११ च्या हल्ल्यानंतर आपण सगळेच म्हणायचो, पोलिसांच्या हाती जुनी थ्री-नॉट-थ्री आणि अतिरेक्यांकडे पॉवरफुल एके-४७. आता आकडे बघा. नळीतून सुटताना थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीत साधारण ३,२०० ज्यूल ऊर्जा असते. एके-४७ च्या गोळीत सुमारे २,०००. म्हणजे एकेका गोळीची ताकद जुन्या रायफलीचीच जास्त! मग फरक कुठे पडला? थ्री-नॉट-थ्रीत प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. एके-४७ च्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या. ट्रिगर दाबून धरला की त्या सुटतच राहतात. गोळीची ताकद वेगळी, गोळीबाराचा वेग वेगळा. दोन्हींना ‘पॉवरफुल’ म्हणत राहिलो, तर पोलिसांसाठी नेमकं काय मागायचं तेच आपल्याला कळणार नाही.