चुका जास्त, तरी टीम चांगली?

आज एक कोडं. दोन वॉर्ड आहेत. एकात औषधं देतानाच्या चुकांची नोंद बरीच, दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. आईला कुठे ॲडमिट कराल?

दुसऱ्यात, हो ना? थांबा जरा.

१९९०च्या दशकात अमेरिकेत हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी हेच तपासलं. त्यांना वाटलं होतं, ज्या टीमचं आपसात चांगलं जमतं, तिथे चुका कमी असतील. आकडे उलटे आले! चांगल्या टीममध्येच चुका जास्त दिसल्या.

मग उलगडा झाला. या टीम जास्त चुकत होत्या असं नाही, त्या चूक झाली की सांगत होत्या. जिथे नर्सला ओरडा बसायची भीती, तिथे चूक कागदावर येतच नव्हती. आणि लपलेली चूक उद्या दुसऱ्या पेशंटच्या वाट्याला येऊ शकते.

रुग्णसुरक्षेची संस्कृती म्हणतात ती हीच: ‘कोणी केलं?’च्या आधी ‘कसं झालं?’ विचारणं.

आपणही गप्प बसायचं नाही. इंजेक्शन देताना बिनधास्त विचारा, “सिस्टर, हे कशाचं आहे?” न चिडता उत्तर मिळालं, तर ती चांगली खूण समजा.