तोंडातील चट्टे व व्रण : दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष नको



महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरीही वणीपासून पुसदपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेल्या खर्‍याची सवय सुटलेली नाही. म्हणूनच तोंडातील बदल ओळखता येणे प्रत्येक कुटुंबासाठी आवश्यक आहे.

‘तोंड आले’ असे आपण म्हणतो, तेव्हाचे लहान, लाल कडांचे व्रण फार झोंबतात. पण साधारणतः एक-दोन आठवड्यांत भरून येतात. दह्यासारखा पांढरा थर पुसल्यावर निघत असेल, तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. मधुमेही रुग्णांत व कवळी वापरणार्‍यांत तो अधिक आढळतो आणि औषधाने बरा होतो.

याउलट, पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा, म्हणजेच ल्युकोप्लेकिया, बहुधा दुखत नाही. असा प्रत्येक चट्टा कर्करोगात बदलतो असे नाही; परंतु कोणता बदलेल, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. मखमलीसारखा लाल चट्टा त्याहून अधिक धोक्याचा समजला जातो.

तिखट खाताना आग होणे, गाल ताठरणे व तोंड कमी उघडणे ही सबम्यूकस फायब्रोसिसची लक्षणे होत. त्याचे मुख्य कारण सुपारी आहे. तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. तेव्हा जेवणानंतरची ‘साधी’ सुपारीही निर्दोष नव्हे. आपलीच तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती मावत नसतील, तर तपासणी करून घ्यावी.

दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, न जाणारा चट्टा, गाठ किंवा कारणाविना हलणारा दात दिसल्यास दंतवैद्यांकडे जावे. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय येथेही दाखविता येईल. संशयित जागेचा छोटा तुकडा काढून तपासल्यावरच निश्चित निदान होते. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत निराधार आहे. उशिरानेच रोग बळावतो.

व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत मार्गदर्शन मिळते. महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात गाल, जीभ व जिभेखालची जागा अवश्य पाहावी. वेदनेची वाट पाहू नये.