श्रवण आणि निर्णय : मेंदूच्या प्रतिमांकनातील एक पद्धतिप्रश्न

महाशिवरात्रीच्या यात्रेत औंढा नागनाथ येथे कोणी ‘ताट मांडा’ म्हणावे आणि गलबल्यात ऐकणाऱ्याने ते ‘थाट मांडा’ असे घ्यावे, हे अशक्य नाही. चूक कानाची की निवाड्याची? वाचाघाताच्या रुग्णाविषयीही हाच प्रश्न उभा राहतो. त्याला त आणि थ यांतील भेद ऐकूच येत नाही, की ऐकूनही ठरवता येत नाही? दोहोंना एकच उपचार पुरणार नाही.

लिस्कर व एब्रमसन यांनी १९६४ मध्ये तपासलेल्या अकरा भाषांत मराठी होती. स्पर्श सुटल्यापासून स्वरतंत्रींचे कंपन सुरू होईपर्यंतचा काळ त–थ यांना वेगळे करतो. द–ध यांना मात्र नाही. म्हणून प्रयोगास त–थ हीच जोडी योग्य. हा काळ पायरीपायरीने वाढवता येतो आणि मधल्या पायऱ्या संदिग्ध ठरतात.

श्रोत्याला यंत्रात झोपवून प्रत्येक ध्वनीनंतर कळ दाबावयास लावली, तर श्रवण, निर्णय व हाताची हालचाल एकाच चित्रात मिसळतात. चुंबकीय अनुनादाचे चित्र रक्तातील ऑक्सिजनवर आधारलेले. त्याचा चढ पाच-सहा सेकंदांनी शिखरास पोचतो, निर्णय तर बहुधा सेकंदाच्या आतच होतो. प्रश्न उशिरा विचारावा, हा उपाय सहज सुचतो. पण तो फसवा आहे. श्रोता मनात केव्हाच ठरवून बसलेला असतो. कोणती कळ ‘त’ची हे मागाहून दाखवल्याने हालचाल तेवढी वेगळी होते.

त्यापेक्षा ध्वनी तेच ठेवून कार्य बदलावे : एकदा वर्ण ओळखावा, एकदा आवाज स्त्रीचा की पुरुषाचा हे सांगावे. दोन्ही कार्यांत ध्वनीच्या पायरीनुसार बदलणारी क्रिया श्रवणाची मानण्यास आधार मिळतो. मात्र अवधानानेही श्रवणक्षेत्राची क्रिया वाढते, हे विसरून चालणार नाही.

बाइंडर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गोंगाटात मिसळलेली अक्षरे ओळखावयास दिली. ओळखीच्या अचूकतेचा संबंध शंखखंडाच्या वरच्या भागातील पुढील क्षेत्राशी दिसला. उत्तरास लागणाऱ्या वेळेचा, ललाटखंडाच्या खालच्या भागाशी. पण वेळ लागणे म्हणजेच निर्णय नव्हे. म्हणून ‘थ’च्या अचूक उत्तरास अधिक मोबदला देऊन कल मुद्दाम बदलावा. ध्वनी तोच, भेदक्षमता तीच. सरकतो तो केवळ निकष. औंढ्याच्याच परिसरात नियोजित असलेल्या आणि २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळालेल्या लायगो-इंडिया वेधशाळेतही उपकरणाची संवेदनक्षमता आणि ‘संकेत सापडला’ म्हणण्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी राहणार आहेत.

एक अडचण उरते. संदिग्ध ध्वनी एकदा त, एकदा थ ऐकू आला आणि त्यानुसार श्रवणक्षेत्राची क्रिया बदलली, तरी तो बदल निर्णयाचे कारण की त्याचा परत उमटलेला पडसाद, हे रक्तप्रवाहाचे मंद चित्र सांगू शकत नाही. त्यासाठी त्याच ध्वनींवर मिलिसेकंदांत चालणारे विद्युत्-आलेखन जोडावे लागते.