30, 200 की 1 एम? होमिओपॅथीच्या ‘पोटन्सी’बद्दल संशोधन काय सांगते

करोनाच्या पहिल्या लाटेत ‘आर्सेनिकम अल्बम 30’ची छोटी बाटली महाराष्ट्रात असंख्य घरांत पोहोचली. नावातल्या आर्सेनिकची काहींना भीती वाटली, पण त्यापुढच्या 30 चा अर्थ फार थोड्यांनी विचारला. या औषधांबद्दलचं सगळं संशोधन त्या आकड्याभोवतीच फिरतं.

पोटन्सी म्हणजे काय?

ही पद्धत जर्मन डॉक्टर सॅम्युअल हानेमान (1755–1843) यांनी सुरू केली. मूळ अर्काला ‘मदर टिंक्चर’ म्हणतात. त्याचा 1 भाग अल्कोहोल-पाण्याच्या 99 भागांत मिसळून जोरात हलवला की 1सी तयार होतं. त्यातला 1 भाग पुन्हा 99 भागांत मिसळला की 2सी. असं 30 वेळा केलं की 30सी, 200 वेळा केलं की 200सी आणि 1000 वेळा केलं की 1 एम. ‘एक्स’ मालिकेत हेच प्रमाण 1 भागाला 9 भाग असतं.

आपल्या नेहमीच्या गोळ्यांत 500 मिलिग्रॅम म्हणजे 250 पेक्षा जास्त औषध. इथे मात्र आकडा जितका मोठा, तितकं औषध विरळ. होमिओपॅथीच्या मते मात्र ते तितकंच प्रभावी होतं.

बाटलीत मूळ पदार्थ किती उरतो?

‘नेट्रम मूर’ मिठापासून बनतं. सुमारे 58 ग्रॅम मिठात 6 वर 23 शून्य इतके सूक्ष्म घटक असतात. 12सीपर्यंत मिश्रण 1 वर 24 शून्य इतक्या पटीने विरळ होतं. म्हणजे तिथेच मिठाचा एक घटक उरण्याचीही खात्री राहत नाही. 30सी तर 1 वर 60 शून्य इतक्या पटीने विरळ असतं.

आयआयटी मुंबईच्या अभ्यासात काय सापडलं?

2010 साली आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी धातूंपासून बनवलेली बाजारातली होमिओपॅथिक औषधं तपासली. 30 आणि 200 पोटन्सीतही त्यांना धातूंचे अतिसूक्ष्म कण सापडले. ‘होमिओपॅथी सिद्ध झाली’ म्हणून हा अभ्यास अनेकदा पुढे केला जातो. पण तीन गोष्टी लक्षात घ्या.

- तपासणी फक्त धातूंच्या औषधांची होती.
- 6सीनंतर कणांचं प्रमाण फारसं बदलत नव्हतं. मग 30 आणि 200 यांच्या ताकदीतला फरक कशामुळे?
- त्यात रुग्ण नव्हतेच. कण सापडणं वेगळं आणि आजार बरा होणं वेगळं.

‘पाण्याला स्मृती असते’ हा दावा 1988 साली फ्रान्समधल्या जाक बेनवेनिस्त यांच्या प्रयोगामुळे गाजला. कोणत्या नळीत काय आहे हे प्रयोग करणाऱ्यांपासून लपवून तो पुन्हा केला, तेव्हा परिणाम दिसला नाही.

रुग्णांवरच्या चाचण्या

1997 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या 89 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात होमिओपॅथी प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या हुबेहूब गोळीपेक्षा, सरस दिसली. पण 1999 साली त्याच गटाने पुन्हा पाहिलं, तेव्हा चाचणी जितकी काटेकोर, तितका परिणाम कमी असं आढळलं. 2005 साली ‘लॅन्सेट’मध्येच होमिओपॅथीच्या 110 चाचण्यांचं विश्लेषण आलं. त्यातल्या मोठ्या आणि चांगल्या चाचण्यांत प्लासिबोपेक्षा ठोस फरक दिसला नाही. 2015 साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने 61 आजारांवरचा पुरावा तपासला. एकाही आजारात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा तिला मिळाला नाही.

मग मला बरं का वाटलं?

तुमचा अनुभव खोटा नाही. सर्दी, अंगदुखी, काही प्रकारची पित्तं आपोआप ओसरतात. अ‍ॅलर्जी आणि सोरायसिस कमी-जास्त होत राहतात. त्रास वाढला की आपण औषध घेतो आणि मग तो उतरतो. कुणी तासभर शांतपणे ऐकून घेतलं तर त्यानेही आराम पडतो.

काय काळजी घ्याल?

- इन्सुलिन, बीपी, थायरॉइड, फिट्सच्या गोळ्या आणि दम्याचा पंप स्वतःहून बंद करू नका. खरा धोका साबुदाण्यासारख्या गोळ्यांपेक्षा बंद केलेल्या औषधात असतो.
- ‘साइड इफेक्ट नाहीत’ हे हाय पोटन्सीबद्दल बहुधा खरं आहे. मदर टिंक्चर, 1एक्स, 2एक्स यांत मात्र मूळ पदार्थ खरोखर असतो. अमेरिकेत 2009 साली नाकात वापरायच्या जस्तयुक्त होमिओपॅथिक औषधांमुळे वास येणं बंद झाल्याच्या तक्रारींवरून औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला होता.
- गरोदर असाल किंवा बाळाला द्यायचं असेल तर विचारल्याशिवाय मदर टिंक्चर नको. त्यात अल्कोहोल असतं.
- छातीत दुखणं, धाप लागणं, तीन दिवसांहून जास्त ताप, कावीळ, स्तनातली गाठ, कारण नसताना वजन घटणं: यांत ‘आधी गोळ्यांनी बघू’ म्हणून थांबू नका.

होमिओपॅथी घेत असाल तर तुमच्या डॉक्टरांना निःसंकोच सांगा. बाटली सोबत आणलीत तर उत्तमच. तिच्यावरचा आकडा पाहून आत काय असू शकतं, हे लगेच कळतं.